अ‍ॅनालिटिक्स : एका शब्दाची उकल

"मुलगा काय करतो?"
"अ‍ॅनालिटिक्समध्ये आहे."

मंडळी, गेल्या काही वर्षांत लग्नकार्यांत हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की विचारू नका. पूर्वी मुलं बँकेत असायची, एस.टी.त असायची, झेडपीत असायची. आता ती अ‍ॅनालिटिक्समध्ये असतात. उत्तर ऐकणारा गंभीरपणे मान डोलावतो आणि जिलबीकडे वळतो. म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारत नाही. सांगणाऱ्या आईवडिलांनाही ते सांगता येईल अशी खात्री नसते!

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. बी.ए.ला मराठी आणि इतिहास, आणि नंतर जन्मभर शाळेत हेच दोन विषय शिकवले. त्यामुळे संगणकाची बाजू मी सांगू लागले तर तुम्ही हसाल. पण शब्द म्हटला की तो फोडून बघायची खोड काही निवृत्त होत नाही. तर आज या शब्दाची कुळकथा सांगते. ती मला वाटली होती त्यापेक्षा बरीच जुनी आणि बरीच रंजक निघाली.

मूळ शब्द ग्रीक. 'लुओ' म्हणजे सोडणे, सैल करणे. त्याला 'अना' हा उपसर्ग लागला की अर्थ होतो पुन्हा मागे जात सोडवणे, उलगडणे. दाव्याची गाठ सोडणं, जहाजाचा दोर सोडणं, हे सगळं त्यात आलं. दोर सोडला की जहाज निघतं, म्हणून याच शब्दाला 'प्रस्थान' आणि पुढे 'मृत्यू' असाही अर्थ मिळाला. आता गंमत बघा. आपण मराठीत गणित 'सोडवतो', कोडं 'सोडवतो' आणि दोऱ्याचा गुंताही 'सोडवतो'. ग्रीकांच्या डोक्यात जे चित्र होतं तेच आपल्याही डोक्यात आहे, फक्त रोजच्या वापरामुळे आपलं तिकडे लक्ष जात नाही.

हे क्रियापद होमरच्या 'ओडिसी'त भेटतं, आणि तेही एका बाईच्या हातात. ओडिसियस युद्धावरून परतत नाही. घरात लग्नासाठी टपलेल्यांनी ठाण मांडलेलं. त्याची बायको पेनेलोपी त्यांना सांगते की म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी प्रेतवस्त्र विणते आहे, ते पुरं झालं की निर्णय देईन. दिवसा ती मागावर विणते आणि रात्री मशालीच्या उजेडात विणलेलं उसवते. तीन वर्षं तिने हे चालवलं. हे जे रात्रीचं उसवणं, त्याला होमरने वापरलेलं क्रियापद म्हणजे याच 'अनालुओ'चं जुनं रूप. शब्दाचा जन्म असा विद्वानांच्या सभेत नाही, घरातल्या मागापाशी झाला आहे.

त्याला विद्वानांच्या सभेत नेलं अ‍ॅरिस्टॉटलने. इ. स. पूर्व चौथ्या शतकातला हा माणूस आपल्याला सिकंदराचा गुरू म्हणून माहीत आहे. तर्कशास्त्रावरच्या त्याच्या दोन ग्रंथांचं नाव 'अनालुतिका'. पहिल्याला पूर्व आणि दुसऱ्याला उत्तर म्हणतात, अगदी आपल्या पूर्वमीमांसा-उत्तरमीमांसेसारखं! पहिल्यात अनुमानाचे प्रकार आहेत, तर दुसऱ्यात खरं ज्ञान कशाला म्हणावं याचा विचार.

या ग्रंथांना हे नाव का असावं? एक उदाहरण घेऊ. देवमासा श्वास घ्यायला पाण्याच्या वर येतो. हे झालं दिसणारं. आता मागे जा. का येतो? तो फुफ्फुसांनी श्वास घेतो म्हणून. फुफ्फुसांनी का? तो सस्तन प्राणी आहे आणि सगळे सस्तन प्राणी फुफ्फुसांनीच श्वास घेतात म्हणून. 'सस्तन' हा मधला दुवा सापडला की गाठ सुटली. निष्कर्षापासून उलटं जात तो कोणत्या विधानांनी बांधला आहे ते शोधायचं, म्हणजे सोडवणं. ही वाट आकड्यांशिवाय चालता येते हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इंग्रजीतलं शेवटचं 'इक्स' हेही ग्रीकांच्याच अनेकवचनाचं शेपूट आहे. फिजिक्स, पॉलिटिक्स, मॅथेमॅटिक्स... या सगळ्यांत ते 'त्या विषयाच्या गोष्टी' असा अर्थ देतं.

यानंतर शब्द भूमितीवाल्यांकडे गेला. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसने दोन वाटा स्पष्ट सांगितल्या आहेत. जे सिद्ध करायचं ते सिद्ध झालंच आहे असं धरून मागे मागे जात आधीच माहीत असलेल्या गोष्टीपर्यंत पोचायचं, हे 'अनालिसिस'. मग तिथून उलट फिरून पायरी पायरीने वर यायचं, हे 'सिंथेसिस'. शाळेत भूमितीचे रायडर सोडवताना आपण कच्च्या कागदावर पहिलं करायचो आणि उत्तरपत्रिकेवर दुसरं लिहायचो. सर मात्र फळ्यावर दुसरंच लिहायचे, त्यामुळे "हे सरांना सुचलं कसं?" हा प्रश्न वर्गातल्या निम्म्या मुलांना जन्मभर पडून राहिला.

१५९१ साली फ्रान्सच्या व्हिएतने बीजगणितालाच 'अ‍ॅनालिटिक कला' असं नाव दिलं. माहीत नसलेली संख्या तर अक्षराने लिहायचीच, पण माहीत असलेलीही अक्षराने लिहायची, म्हणजे एकदा सोडवलेलं उदाहरण तशा सगळ्या उदाहरणांना लागू पडतं. १६३७ मध्ये देकार्तने भूमिती आणि बीजगणिताचं लग्न लावलं. १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही तरुणांनी 'अ‍ॅनालिटिकल सोसायटी' काढली. त्यांतला एक चार्ल्स बॅबेज. त्याने १८३७ च्या सुमारास एका यंत्राचा आराखडा लिहून काढला आणि त्याला नाव दिलं 'अ‍ॅनालिटिकल इंजिन'. ते यंत्र पुरं कधी झालंच नाही, पण आजच्या संगणकाचा पूर्वज म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याला सूचना द्यायच्या होत्या त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी, आणि ही कल्पना आली होती जाकारच्या मागावरून. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने या यंत्रावर टिपणं लिहिली. त्यांत तिने म्हटलं आहे की जाकारचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. पेनेलोपीच्या मागापासून निघालेला शब्द अडीच हजार वर्षांनी पुन्हा मागापाशी आला, तेही एका बाईच्या लेखणीतून. असे योगायोग इतिहास शिकवताना वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडे शब्द आहे 'विश्लेषण'. 'श्लिष्' म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. श्लेष अलंकारात एका शब्दाला दोन अर्थ चिकटलेले असतात. विश्लेष म्हणजे तो चिकटा सोडवणे. दुसरा शब्द 'पृथक्करण', वेगवेगळं करणे. आणि तिसरा शब्द आपण या अर्थी ओळखतच नाही, तो म्हणजे 'व्याकरण'! वि + आ + कृ, म्हणजे फोडून वेगळं करून दाखवणे. आपल्या पूर्वजांनी हे काम सर्वांत आधी आणि सर्वांत कसून केलं ते भाषेवर. ऋग्वेद म्हणताना शब्द संधीने एकमेकांत मिसळून जातात. शाकल्याने तो सगळा प्रवाह पद पद सुटं करून ठेवला, त्याला पदपाठ म्हणतात. पुढे पाणिनीने शब्दाच्याही आत शिरून धातू आणि प्रत्यय वेगळे केले, आणि ते पुन्हा जोडायचे नियमही दिले. फोडलेलं जोडता आलं पाहिजे ही अट त्यांनी स्वतःला घालून घेतली होती.

मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. नंतर इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आपल्या शाळांत 'वाक्यपृथक्करण' आलं. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, विधेय, विधेयविस्तार... आठवतात का ते तक्ते? मी ते वर्षानुवर्षं शिकवले. त्यात एक मुलगी हमखास विचारायची, "बाई, वाक्य कळलंय की, मग फोडायचं कशाला?" मी तिला एखादं लांबलचक, कुठल्याशा सरकारी पत्रकातलं वाक्य द्यायचे आणि विचारायचे, यात कुणी काय केलं ते सांग. ते फोडल्याशिवाय सांगता यायचं नाही. बरेचदा फोडल्यावर कळायचं की वाक्यात कर्ताच नाही!

मग हा सोडवण्याचा शब्द मोजण्याकडे कसा गेला? अनालिसिस हा शब्द रसायनशास्त्रात, अर्थशास्त्रात, मनोविश्लेषणात सगळीकडे पसरला होताच. संगणक आले, स्वस्त झाले, आणि दुकानांपासून दवाखान्यांपर्यंत प्रत्येक व्यवहाराची नोंद साठू लागली. २००५ च्या नोव्हेंबरात गूगलने संकेतस्थळांवर कोण येतं-जातं हे मोजणारी आपली सेवा सुरू केली आणि तिला नाव दिलं 'गूगल अ‍ॅनालिटिक्स'. २००६ च्या जानेवारीत टॉमस डेव्हनपोर्ट यांचा 'कॉम्पिटिंग ऑन अ‍ॅनालिटिक्स' हा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला आणि कंपन्यांच्या बैठकांत हा शब्द रुळला. अनालिसिस म्हणजे एखादी गोष्ट फोडून बघणं, आणि अ‍ॅनालिटिक्स म्हणजे ढीगभर नोंदींवरून पुढे काय करावं हे ठरवण्याची सगळी यंत्रणा, असा फरक साधारणपणे करतात.

या क्षेत्रातले लोक त्याच्या चार पायऱ्या सांगतात. काय झालं, का झालं, पुढे काय होईल आणि मग काय करावं. माझ्या भाच्याने मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, हे तर आमच्या कॅटलॉगात होतं! (शाळेच्या हजेरीपटाला आम्ही कॅटलॉग म्हणायचो.) कोण गैरहजर, हे कॅटलॉग सांगायचा. महिनाभराची पानं उलटली की दिसायचं की अमुक चार मुली नेमक्या मंगळवारीच नसतात, आणि मंगळवार गावच्या बाजाराचा. म्हणजे पुढच्या मंगळवारीही नसणार. इथवर कॅटलॉग पुरतो. पण 'का' कळायला घरी जावं लागायचं. गेलं की कळायचं, आई माळव्याची पाटी घेऊन बाजाराला जाते आणि धाकटं भावंड सांभाळायला घरात दुसरं कुणी नसतं. मग धाकट्याला वर्गात आण, कोपऱ्यात बसव, असं सांगायचं. तीन पायऱ्या पटावर चढता येतात, पण 'का'ची पायरी चढायला चपला घालून बाहेर पडावं लागतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे तिकडे येते. आकड्यावरून माणसाचं भवितव्य ठरवण्याची पद्धत संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्याकडे ती आणेवारीच्या रूपाने कितीतरी आधीपासून आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. यंदा पीक किती आणे आलं, याचा अंदाज महसूल खात्याने करायचा आणि त्यावरून शेतसारा घ्यायचा की तहकूब करायचा ते ठरवायचं. आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो तो हाच पूर्णतेचा हिशोब.

१९१८ सालचा खेडा सत्याग्रह आपण गांधीजींचा लढा म्हणून शिकतो. खेडा जिल्हा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. भांडण कशावरून होतं? या आकड्यावरून! पीक चार आण्यांपेक्षा कमी असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा असा नियम होता. शेतकरी म्हणत होते चार आण्यांहून कमी, सरकारी अधिकारी म्हणत होते चार आण्यांहून जास्त. शेत तेच, पाऊस तोच, पण आकडे दोन. पुण्यात १९०५ साली गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाची माणसंही तिथे चौकशीला गेली होती. सरकारने म्हणणं ऐकलं नाही आणि मार्चमध्ये नडियादहून सत्याग्रह सुरू झाला. लोकांची गुरंढोरं, भांडीकुंडी जप्त झाली. एका अंदाजाच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर एखाद्या घरातली म्हैस राहते की जाते, हे ठरत होतं.

पुढे नजरेने अंदाज करण्याऐवजी शास्त्रशुद्ध नमुना काढून पीक कापून मोजण्याची पद्धत आली. यात दोन मोठी नावं म्हणजे कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. या दोघांचा एक वाद मला फार आवडतो. शेतात मोजणीसाठी तुकडा केवढा घ्यायचा? महालनोबिस लहान तुकडे घ्यायचे, सुखात्म्यांचा कल मोठ्या तुकड्याकडे. त्यामागचं कारण अगदी साधं आहे. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कडा जास्त येते, आणि कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे झुकतो. मग उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. लबाडी कुणाचीच नाही, तरी आकडा फुगतो. एवढे विद्वान लोक कडेवरच्या एका रोपावरून वाद घालत होते, कारण त्या रोपाची किंमत त्यांना ठाऊक होती.

आणे १९५७ नंतर चलनातून हळूहळू गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होतात, म्हणून गावोगाव त्या आकड्याकडे डोळे लागलेले असतात. आता दुष्काळ ठरवताना उपग्रहावरून पिकाची हिरवाई आणि जमिनीतला ओलावाही बघतात. साधनं बदलली, तरी आकडा कुठून आला हे विचारायची गरज तेवढीच आहे.

शाळेतला अनुभव सांगते. एका शाळेत (नाव कशाला घ्यायचं?) दहावीचा निकाल किती टक्के, यावर सगळी पत ठरायची. नव्वदच्या वर निकाल आला की सत्कार, खाली गेला की झाडाझडती. मग एक युक्ती निघाली. सहामाहीत कच्च्या ठरलेल्या मुलांच्या पालकांना बोलवायचं आणि मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, असं गळी उतरवायचं. मूल बाहेरून बसलं की शाळेच्या टक्केवारीत धरत नाहीत. त्या वर्षी अशा यादीत माझ्या वर्गातला एक मुलगा होता. वडील नव्हते, पहाटे दूध घालून शाळेत यायचा, गणितात कच्चा. मी त्याचं नाव यादीत घालू दिलं नाही. बैठकीत बरीच बोलाबोली झाली. तो शाळेतूनच बसला, गणितात नापास झाला, शाळेची टक्केवारी तेवढी घसरली, आणि ऑक्टोबरला तो पास झाला. यादीतले बाकीचे जे बाहेर गेले त्यांतले काही परीक्षेला बसलेच नाहीत. शाळेच्या कागदावर त्या वर्षी सुधारणा झाली होती. कुणीही शिकवण्यात काही बदल केलेला नव्हता.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली अशाच स्वरूपाचं निरीक्षण मांडलं होतं. त्यांचा विषय बँका आणि चलन, पण सार सगळीकडे लागू पडतं : मोजमाप हेच एकदा उद्दिष्ट झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही. मला ते पुस्तकात वाचायच्या आधीच शिक्षकांच्या खोलीत दिसलं होतं.

म्हणून अ‍ॅनालिटिक्समध्ये असलेल्या आपल्या सगळ्या मुलाबाळांना माझं सांगणं आहे. तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाही. रोगाची साथ कुठून पसरते, पाणी कुठे मुरतं, कुठली मुलं शाळेत यायची थांबली, हे आकड्यांनी जितकं लवकर कळतं तितकं कुणाच्या नजरेला कळणार नाही. पण तुमच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हा कडेवरचं रोप असू शकतो. त्याला आत कुणी धरलं, बाहेर कुणी काढलं, आणि काढल्याने कुणाचा सत्कार झाला, हेही विचारत जा. शब्दाच्या मूळ अर्थातच ते काम आहे. मागे मागे जायचं, गाठ कुणी मारली तिथपर्यंत.

आता राहिला मराठी प्रतिशब्द. 'सांख्यिकी'च्या धर्तीवर काही जण 'विश्लेषिकी' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण बोलताना जीभ अडखळते. मला विचाराल तर आपल्याकडे 'उकल' हा देखणा शब्द पडून आहे. घडी उकलते, लाकूड उकलतं, कोडंही उकलतं. "मुलगी आकड्यांची उकल करते" असं सांगितलं तर जिलबीकडे वळणारा पाहुणा कदाचित थांबेल आणि पुढचा प्रश्न विचारेल.

तुम्हाला याहून बरा शब्द सुचत असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्यापैकी कुणाच्या आजोबा-पणजोबांनी आणेवारीच्या भांडणाच्या गोष्टी सांगितल्या असतील तर त्याही लिहून ठेवा. अशा गोष्टी सरकारी दप्तरात सापडत नाहीत, तिथे फक्त आकडा असतो.